बारावा पासपोर्ट

६ फेब्रुवारी २०१७, सोमवार

अकरा आले. बारावा नाही!

आरासेली बोकानेग्रा. वेल्डिंगचं दुसरं वर्ष. आज परत तेच – "येतोय मिस, या आठवड्यात नक्की." तिचा हा 'आठवडा' गेले तीन आठवडे चाललाय. बोलताना माझ्याकडे बघत नाही, हातातल्या कातडी हातमोज्यांकडे बघते. मुलगी खोटं बोलतेय. एकोणीस वर्षं पोरांना परदेशी नेतेय मी. खोटं मला वासावरून कळतं.

डीन बक्स्टनचा नियम आहे – बारा म्हणजे बारा. अकरा झाले तर पोर्तुगालची सहल रद्द, सगळ्यांचंच. मला वाटतं तो त्याचीच वाट बघतोय. मागच्या मीटिंगमध्ये हसत हसत म्हणाला, "नोएमी, आपली मुलं पुलावरून मेक्सिकोत जातातच की. तो परदेश नाही का?" सगळे हसले. मीही हसले. हसून बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

८ फेब्रुवारी

आरासेली आज कॉलेजात आलीच नाही. फोन बंद.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात धरली शेवटी. माझं ऑफिस म्हणजे कॉपी मशीनमागचा कोपरा, पळायला एकच वाट. त्या वाटेवर मी खुर्ची टाकून बसले.

"फॉर्म भरलायस की नाही, खरं सांग."

"भरलाय मिस. नोव्हेंबरातच."

"मग कुठंय पासपोर्ट?"

तिने दप्तरातून घडी घातलेलं पत्र काढलं. एवढ्या वेळा उघडमीट केलेलं की घडीवर फाटायला आलेलं. पासपोर्टवाल्यांचं. जन्मदाखल्यावर समाधान नाही. जन्माच्या वेळी हजर असलेल्या दाईने खोट्या नोंदी केल्याचा संशय आहे. तरी इथेच जन्म झाला याचा आणखी पुरावा पाठवावा.

दाईचं नाव – पेत्रा लोंगोरिया.

दोन्या पेत्रा! मानाने सगळे 'दोन्या'च म्हणायचे तिला. या गावातली अर्धी माणसं तिच्या हातांत जन्मली. माझ्याही दाखल्यावर तिचंच नाव आहे, आणि मला आजवर कुणी काही विचारलं नाही. पण तिचं ते प्रकरण खरं आहे. म्हातारपणी तिने कोर्टात कबूल केलं होतं – नदीपलीकडे, मेक्सिकोत जन्मलेली काही बाळं अलीकडची म्हणून लिहिली. किती, कुणाची, ते सांगितलं नाही. तेव्हापासून तिच्या हातची सगळीच बाळं संशयित.

"मिस, मला घालवतील का इथून?"

"वेडी आहेस का!" म्हटलं.

पण घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात आलंच – ही खरंच पलीकडची असेल तर?

२५ फेब्रुवारी, शनिवार

आरासेलीच्या वस्तीवर गेले. रस्ता कच्चा, दारात चार कुत्री. तिची आई दोमितिला दार अर्धंच उघडून उभी राहिली. मागे टीव्ही मोठ्याने. बाई कांद्याच्या शेडमध्ये कामाला जाते, अंगाला, केसांना, दाराच्या पडद्यालाही तोच वास.

"बाप्तिस्म्याचा कागद आहे का?"

"असेल."

"लस टोचल्याचं कार्ड?"

"पाण्यात गेलं."

"बाळंतपणाआधी कुठल्या डॉक्टरकडे जात होतात?"

"कुठला डॉक्टर, मिस? पोट होतं, कामाला जात होते."

एकही उत्तर सरळ नाही. आरासेली पायरीवर बसून सगळं ऐकत होती. शेवटी तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "दोमितिला, मला एकटीला सांगा. पोरगी कुठे झाली?"

बाईचा चेहरा दगडासारखा झाला. "तुम्ही पण?" एवढंच म्हणाली. आणि दार लावलं. माझ्या तोंडावर!

निर्दोष बाई असं दार लावत नाही. माझा संशय पक्का होत चाललाय.

३ मार्च

रोहेलिओला सांगितलं. इतिहास शिकवतो, दर वर्षी दुसरा शिक्षक म्हणून सोबत येतो. विमानात घोरतो, पण मनाने सरळ.

"दार का लावलं म्हणून काय विचारतेस? तिच्याकडे स्वतःचे कागद असतील का? तू फाइल घेऊन, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवून तिच्या दारात. मी पण लावलं असतं."

हे माझ्या डोक्यात का नाही आलं? ओळखपत्र गळ्यात होतं हेही आत्ता आठवलं.

२० मार्च, सोमवार

आरासेलीला घेऊन वकीलबाईंकडे. बेत्तिना ओचोआ – चर्चच्या मागच्या खोलीत दर सोमवारी फुकट सल्ला देतात. टेबलावर गोड पावाची बशी. एक पाव त्यांनी आरासेलीच्या हातात कोंबला आणि मगच पत्र वाचलं.

"शेजाऱ्यांचे जबाब, शाळेचे कागद, सगळं पाठवू. पण हे लोक म्हणतात दाई खोटी. तर मग दाईचंच काहीतरी हवं. जुन्या दाया वही ठेवायच्या – सरकारसाठी नाही, स्वतःसाठी. कोण, कुठे, कधी. त्यात खोटं लिहायचं त्यांना कारण नसायचं. तशी वही होती का या बाईंची?"

होती. लहानपणी पाहिलीय मी. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आई दोन्या पेत्राकडे मदतीला जायची – पाणी तापव, चादरी धू, इंग्रजी फॉर्म घेऊन कचेरीत जा. आई पाणी तापवायची तेव्हा मी त्या पेन्सिलीशी खेळायचे.

घरी येऊन आईला विचारलं. ती तवा पुसत होती. "जळली ती," म्हणाली. वळलीही नाही.

२५ मार्च

दोन्या पेत्रा वारून तेरा वर्षं झाली. तिची मुलगी निन्फा घरच्याच पुढच्या खोलीत केस कापते. मुद्दाम केस कापून घ्यायला गेले.

"काय गं, आज कशी काय वाट चुकलीस? कुणी कापलेत हे, कोंबडीने?"

इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारल्यासारखं वहीचं विचारलं. कात्री थांबली. आरशात बघितलं मी, निन्फाचे डोळे माझ्यावर नव्हते, दारावर होते.

"उंदरांनी खाल्ली."

आई म्हणते जळली, ही म्हणते उंदरांनी खाल्ली. दोघींनी एकच काहीतरी ठरवायचं तरी!

डावी बाजू तिने जास्त कापलीय.

१ एप्रिल, शनिवार

शनिवार, तरी जादा वर्ग. डीन बक्स्टन कॉरिडॉरमध्ये भेटला. "नोएमी, २८ तारखेला मला बारा नावं पासपोर्ट नंबरांसकट हवीत." एप्रिलचा पहिला दिवस म्हणून थट्टा असेल असं क्षणभर वाटलं. नव्हती.

"एका मुलीचं उशिरा येईल."

"ती बोकानेग्रा ना? मी ऐकलं काहीतरी." आवाज एकदम मऊ. "नोएमी, कॉलेजला भानगड नको. सोडून द्या तिला. दुसरी मुलगी बघा."

त्याने कुठून ऐकलं? मी फक्त रोहेलिओला सांगितलं. आणि वकीलबाईंना. आणि आईला! आता मी रोहेलिओकडेही संशयाने बघायला लागलेय. आज जेवताना त्याच्या टेबलावर नाही बसले. तो बटाट्याच्या ताकोचा डबा घेऊन इकडेतिकडे बघत राहिला. स्वतःचीच लाज वाटली, तरी नाही बसले.

(मागाहून – आरासेलीनेच वेल्डिंगच्या सरांना सांगितलं होतं, त्यांनी डीनला. रोहेलिओ बिचारा!)

८ एप्रिल

दोमितिला ऑफिसात आली! कामाचे बूट, डोक्याला रुमाल. दोन मैत्रिणी बाहेर ट्रकमध्ये बसवून आलेली, साक्षीला असाव्यात तशा. खुर्चीवर बसली नाही.

"तुम्ही मला विचारलंत पोरगी कुठे झाली. सांगते. माझ्या स्वयंपाकघरात झाली. पाऊस एवढा की दोन्या पेत्राचा ट्रक चिखलात रुतला, ती शेवटचा अर्धा मैल बूट हातात घेऊन चालत आली. आल्या आल्या आधी मला शिव्या घातल्या, मग पाय धुतले. माझी पहिलीच वेळ. मी ओरडायला लागले तर म्हणाली, 'ओरड, पण खाली जोर लाव, वर नको.' हे कुठल्या कागदावर लिहू, मिस? मला लिहिता येत नाही, आणि सही केली तर मला घेऊन जातील."

आणि मी या बाईवर दीड महिना संशय घेतला.

"मला माफ करा," म्हटलं. तिने मान हलवली – केलं की नाही कळलं नाही. जाताना टेबलावर कांद्याची पिशवी ठेवून गेली. कमीत कमी पाच किलो!

वही असेल तर त्यात हे असणार. वही हवीच.

१३ एप्रिल

निन्फाकडे परत. या वेळी केस कापायला नाही. तिच्या गिऱ्हाईक बाईसमोरच सगळं सांगितलं – मुलगी कोण, पत्र काय, ट्रक चिखलात कसा रुतला. निन्फा ऐकता ऐकता हसायला लागली. "बूट हातात! आईच ती. ते बूट पण तिने मग वर्षभर वापरले नाहीत, नवे असून खराब झाले म्हणून." मग हसू गेलं.

"वही आहे ना, निन्फा?"

"आहे."

"मग उंदीर?"

"नोएमी, तुझ्या आईने फोन केला होता मला. तू यायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, पोरगी विचारेल, देऊ नकोस. माझ्या आईचं नाव पुन्हा चिखलात जाईल म्हणाली. मला पटलं."

माझी आई! तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवतेय आणि माझ्या पाठीमागे फोन.

१६ एप्रिल, ईस्टर

सकाळी चर्च. नंतर मागच्या अंगणात सगळे – भाऊ, भावजय, पोरं. पोरांनी रंगीत कागद भरलेली अंडी माझ्या डोक्यावर फोडली. आई आज जास्तच हसत होती. मी तिच्यावर नजर ठेवून होते. स्वतःच्या आईवर नजर!

आता वाटतं ते असं – कचेरीत फॉर्म नेणारी आईच होती. दोन्या पेत्राला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे त्या खोट्या नोंदी आईच्या हातून गेल्या. वहीत ती सगळी नावं असणार, आणि आईला भीती आहे की त्या माणसांना धरतील. आणि तिलाही. तेव्हा गावातल्या कुणाकुणाकडे मी संशयाने बघत होते अंगणात! पेट्रोल पंपवाला? भावजयीची बहीण?

पोरं गेल्यावर विचारलं. सरळ.

"किती जणांची खोटी नोंद केलीत तुम्ही दोघींनी?"

ती डोक्यातले कागदाचे तुकडे वेचत होती. "मोजली नाहीत."

"आई, एका मुलीचं आयुष्य अडलंय. तिची नोंद खरी आहे."

"मग तिचं पान फाडून दे. बाकीची वही नको देऊस. एवढं ऐक माझं."

"फाटक्या पानाला कोण विचारेल? वकीलबाई म्हणतात आख्खी वही लागेल, मागची पुढची पानं, तारखा ओळीने. तरच विश्वास ठेवतील."

"मग नकोच देऊस."

"त्या मुलीने काय करायचं?"

आई उठली आणि टेबल पुसायला लागली. पुसलेलंच टेबल परत.

माझी आई कुणासाठी तरी दुसऱ्या मुलीचं आयुष्य अडवायला तयार आहे. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आज तिच्या हातचं जेवले नाही.

२२ एप्रिल, शनिवार

वही मिळाली!!

निन्फाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढली. पुठ्ठ्याचा रंग उडालाय, पेन्सिल नाही. दोन्या पेत्राचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तिच्या खुर्चीतच बसून पानं उलटली, ड्रायरचा आवाज चालू.

२३ सप्टेंबर १९९७. दोमितिला. मुलगी. तिच्या स्वयंपाकघरात. 'ट्रक रुतला. बूट खराब.'

मी ओरडलेच. निन्फा धावत आली, दोघी नाचलो. ड्रायरखालच्या बाईला वाटलं लॉटरी लागली! आरासेलीला तिथूनच फोन लावला. म्हणाली, "मिस, बुटांचं पण लिहिलंय?" आणि रडायला लागली.

काही नावांपुढे एकच शब्द आहे – 'पलीकडे'. खोटं तिने फक्त सरकारला सांगितलं, वहीला नाही.

सोमवारी वकीलबाईंना द्यायची. दुपारी घरी घेऊन आले. आई अंगणात होती. माझ्या हातात वही बघितली आणि तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "वाचलीस?"

"आरासेलीचं पान वाचलं."

"तेवढंच वाच."

२३ एप्रिल

बाकीचीही वाचली. काही लिहीत नाही आज. इथेसुद्धा नाही.

२४ एप्रिल, सोमवार

वही वकीलबाईंना दिली. आख्खी. त्यांच्याशी तासभर दार लावून बोलले. गोड पाव खाल्ला नाही.

रोहेलिओला म्हटलं, या वर्षी पोरांना तूच ने. नर्सिंगच्या डोलोरेसला सोबत घे.

"आणि तू?"

"गुडघा."

"मागच्या वर्षी त्याच गुडघ्याने किल्ला चढलीस."

"म्हणूनच दुखतो."

माझ्याकडे बराच वेळ बघत होता. बघू दे.

२८ एप्रिल

डीनपुढे अकरा नंबर आणि एक वकिलाचं पत्र ठेवलं. म्हटलं, हिला काढलीत तर कॉलेजने या शहरात जन्मलेल्या मुलीवर विश्वास ठेवला नाही असं मी छापून आणीन. कुठे छापणार देव जाणे! पण तो हसला नाही. पहिल्यांदाच. "तीन आठवडे," म्हणाला.

१२ मे, शुक्रवार

आला! आरासेलीने ऑफिसात आणून टेबलावर आपटला. निळा, कोरा, कडक. "वास घ्या, मिस!" घेतला. फोटोत भुवया चढवलेली, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी.

"बारा!" म्हणाली.

"बारा," मी म्हटलं.

"तुम्ही येणार नाही असं सर सांगत होते. खोटं ना?"

"गुडघा गं."

"मिस, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

२१ मे, रविवार

विमान वेळेवर सुटलं. दोमितिला विमानतळापर्यंत आली नाही, वाटेत कागद तपासणारा नाका लागतो. घरूनच निरोप दिला तिने. आरासेली काचेपलीकडून दोन्ही हात हलवत होती.

मी घरी आले. आई माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. आज भांडी घासता घासता म्हणाली, "पलीकडे माझी बहीण होती म्हणून बाळंतपणाला गेले. मग तुला तीन आठवड्यांची घेऊन नदी ओलांडली. दुसरं काय करायचं होतं मी?"

वकीलबाई म्हणाल्यात, पुढचं काय ते कळेपर्यंत पुलाकडे फिरकू नका, आता पासपोर्ट दाखवू नका कुठे. कॉलेजला कळेल तेव्हा कळेल.

लिहून टाकते आज. वहीत असं आहे – '३ नोव्हेंबर १९७१. अंपारो. मुलगी, पायाळू. पलीकडे.'

अंपारो माझी आई. त्या दिवशी तिला एकच मुलगी झाली.